वीतभर राहिलंय

अम्मा,

दिवाळीच्या सुट्टीतला दुसरा शनिवार होता, दुपारचे साडेचार वाजले होते आणि मी नववीत होते. वार आणि वेळ आधीच सांगून ठेवते, कारण तुला सोयीचं तेवढं विसरायची सवय होती, आणि मेल्यावर माणसाच्या सवयी सुटतात यावर माझा विश्वास नाही. त्या दिवशी, त्या वेळी, तू माझी गोष्ट अर्ध्यावर तोडलीस. मी तुझ्यासमोर पाटावर बसले होते, टक्क जागी होते, कान देऊन ऐकत होते. तू दातांनी सूत तोडलंस आणि चुलीकडे निघून गेलीस. इतकी वर्षं मी याबद्दल चकार शब्द काढला नाही. आता काढणार आहे, कारण गेल्या शनिवारी माझ्या बैठकीच्या खोलीत जे घडलं त्यानंतर गप्प बसणं मला जमणार नाही.

हे मराठीत लिहितेय. घरात आपण तेलुगू बोलायचो, पण ती मला लिहिता येत नाही. सिस्टरांनी शिकवलेल्या इंग्रजीत लिहिलं तर तू म्हणशील, आली मोठी मडमीण. मराठी आपल्या दोघींच्या मधली, उंबऱ्याबाहेरची, भाजीवालीशी घासाघीस करायची भाषा. भांडायला तीच बरी. तुला वाचता येत नव्हतं हे मला ठाऊक आहे. पण इतकी वर्षं तू तिथे नुसती हात बांधून बसली असशील असं वाटत नाही. शिकली असशील.

आपलं शहराच्या पूर्व भागातलं, विणकरांच्या गल्लीतलं घर आठव. पुढच्या खोलीत नायनांचा, शाळेच्या फॉर्मवर मी ज्यांना 'वडील' लिहायचे त्यांचा, माग, आणि त्याची खडखड इतकी की शेजारच्या घरात कोणी मेलं तरी लाइट जाईपर्यंत कळायचं नाही. मागच्या पडवीत तू चरख्यावर कांड्या भरतेस आणि मी समोरच्या पाटावर बसून गुंता झालेलं सूत सोडवून तुला देतेय. डोळे मिटायला लागतात. सूत बोटात रुततं, तुटतं, आणि तुझा हात थांबतो. म्हणून तू गोष्ट सांगतेस. चाकावरची नजर तुला काढता येत नाही, त्यामुळे मी जागी आहे की पेंगतेय हे कळायचा एकच मार्ग: तुझं वाक्य संपलं की मी 'ऊ' म्हणायचं. 'ऊ कोट्टु, बिड्डा,' तू म्हणायचीस. ऊ म्हण, पोरी. एकदा मी कंटाळून विचारलं होतं, नाही म्हटलं तर काय होईल? तू चाक न थांबवता म्हणालीस, 'गोष्टीला ऊ लागतोच. तू नाही म्हटलास तर दुसरं कोणीतरी म्हणेल.' मी हसले. तू हसली नव्हतीस, हे मला परवा आठवलं.

मग तुझ्या हट्टापायी मला कॉन्व्हेंटात घातलं. नायनांना पटत नव्हतं, तूच भांडलीस. आणि तिथे पहिल्याच महिन्यात सिस्टर वर्गात एक गोष्ट वाचून दाखवत होत्या, एक वाक्य संपवून त्या श्वास घ्यायला थांबल्या, आणि मी आपली मनापासून म्हटलं, 'ऊ'. सगळ्या वर्गाला हसू फुटलं. सिस्टरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाल्या, चांगल्या घरच्या मुली म्हशीसारखा हुंकार देत नाहीत, हात मांडीवर ठेवून तोंड मिटून ऐकतात, तोच सांगणाऱ्याचा मान. मी शिकले. मी सगळंच लवकर शिकायचे, त्याचसाठी पाठवलं होतंस ना मला? घरी मात्र सवयीने 'ऊ' निघत राहिला. नववीपर्यंत तोही थांबला. तुला तो मान वाटेल अशी माझी समजूत होती.

तर तो शनिवार. लाइट गेलेली, माग बंद, गल्लीतले सगळेच माग बंद, आणि त्या शांततेत चरख्याची तेवढी कुरकुर. तू कापड विणणाऱ्या बाईची गोष्ट सांगत होतीस. गावाच्या टोकाला एकटी राहणारी बाई. रोज दिवेलागणीला तिच्या दाराशी कोणीतरी येऊन उभं राहतं आणि बाहेरूनच विचारतं, 'झालं का?' ती आतून म्हणते, 'वीतभर राहिलंय.' ते निघून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, 'झालं का?' 'वीतभर राहिलंय.' बाई विणत राहते आणि वीत काही सरत नाही, कारण कापड पुरं झालं की ते कोणासाठी विणलंय हे तिला कळेल, आणि ते तिला कळून घ्यायचं नाही. त्या दिवशी तू म्हणालीस, 'मग एका संध्याकाळी ते दाराबाहेरून म्हणालं, आज मीच आत येऊन बघतो.' आणि थांबलीस.

मी हात मांडीवर ठेवून, तोंड मिटून ऐकत होते. माझ्या पाठीवर काटा आला होता. तू पुन्हा म्हणालीस, 'आज मीच आत येऊन बघतो.' चाक थांबवलंस. आयुष्यात पहिल्यांदा तू गोष्टीच्या मध्ये मान वर केलीस, माझ्याकडे नाही, माझ्या किंचित बाजूला बघितलंस, आणि मान हलवलीस, कोणी काही बोलल्यावर हलवतात तशी. मग सूत तोडलंस. 'बास. आजपासून इथे बसू नकोस,' म्हणालीस. 'तुझा अभ्यास कर जा.'

कारण नाही, खुलासा नाही. आणि पुढच्याच आठवड्यात माझ्या जागी तू कोणाला बसवलंस? शेजारच्या खोलीतल्या सांगोल्याच्या पोरीला. दुष्काळात आईबापाबरोबर शहरात आलेली, नाक पुसायची अक्कल नव्हती तिला, आणि तेलुगूचा गंध नाही! तीही तुला अम्माच म्हणायची. आतल्या खोलीत भूमितीची प्रमेयं पाठ करताना मला तिचा ऊ ऐकू यायचा, खणखणीत, शेळी हाकल्यासारखा. ज्या मुलीला गोष्ट समजत होती तिला उठवलंस आणि जिला समजत नव्हती तिला सांगितलीस. याला काय म्हणायचं, ते तूच सांग.

मी तरी विचारायला हवं होतं असं म्हणशील. पण माझाही मान होताच की. पुढे टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागले, कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर, आणि बोर्डावर कानाला यंत्र लावून उभा जन्म काढला. ट्रंक कॉल लावून देताना एक गोष्ट मी इतकी पक्की शिकले की झोपेतही चुकणार नाही: मेलेली लाइन आणि गप्प माणूस या दोन वेगळ्या शांतता असतात. मेलेल्या लाइनीत काहीच नसतं. पण पलीकडे माणूस असेल, तो बोलत नसला, श्वास रोखून बसलेला असला, तरी शांततेला एक जडपणा येतो. मी त्यावरून सांगायचे, 'बोला, समोर आहेत.' आणि समोर असायचेच.

तू सिव्हिलमध्ये होतीस त्या शेवटच्या दुपारीही मला ते कळलं होतं. तुझे ओठ हलत होते. आवाज नव्हता. नर्स म्हणाली, बरळतायत. मी कॉटजवळ स्टुलावर बसले होते, हात मांडीवर. थोडं हललेले ओठ, मग थांबणं, मग मान किंचित हलणं, मग पुन्हा ओठ. मला ती थांबायची लांबी ओळखू आली. कशी नाही येणार? त्या लांबीत मी लहानाची मोठी झाले. तू गोष्ट सांगत होतीस आणि कोणीतरी तुला ऊ देत होतं, आणि तू माझ्याकडे बघत नव्हतीस, कॉटेच्या पायथ्याशी बघत होतीस. मग तू हसलीस, काम उरकल्यावर हसायचीस तशी, आणि गेलीस. म्हणजे शेवट तू सांगितलास. फक्त मला नाही.

आता गेल्या शनिवारचं. पुण्याच्या चुलत भाचीने माझ्या टीव्हीवर एक जपानी मालिका लावून दिलीय. जुन्या काळची, सरदार, किल्ले, तलवारी, एकमेकांना वाकून नमस्कार करून मग गळे कापणारे लोक. दर शनिवारी संध्याकाळी सातला नवा भाग येतो. खाली इंग्रजी अक्षरं येतात, आणि ती लिहिणाऱ्याला एकाही सिस्टरने शिकवलेलं नाही हे उघड आहे, पण मला समजतं. मारामाऱ्या मी बघत नाही, तेव्हा भाजी निवडते. मी बघते ते त्यातल्या गोष्ट सांगणाऱ्या बाईसाठी. किल्ल्याच्या सरदारणीचा नवरा लढाईवर गेलाय, आणि ही बाई रोज संध्याकाळी मांडीवर तंतुवाद्य घेऊन तिला एक लांबलचक गोष्ट सांगते, अर्धी गाऊन, अर्धी बोलून. पंख्यासारखी रुंद पट्टी असते हातात, तिने तारा झोडते, सूर काढायचा म्हणून नाही, धमकावल्यासारखी. तिच्या बाजूला एक म्हातारा खांद्यावर लहानसा ढोल धरून बसतो. तो फार वाजवत नाही. बाईचं वाक्य संपलं की आधी घशातून लांब आवाज काढतो, 'योऽऽ', आणि मग बोटांनी एकच ठोका. तो आवाज आला की बाई पुढे सरकते. पहिल्या भागात मी तो ऐकला आणि माझ्या हातातली गवार तशीच राहिली. हा तर ऊ देतोय, अम्मा! समुद्रापलीकडच्या किल्ल्यात, रेशमी झगा घालून, एक म्हातारा बाप्या पडवीत बसून ऊ देतोय, आणि त्याला कोणी म्हैस म्हणत नाही. उलट सगळे त्याला मान देतात. सिस्टर हयात असत्या तर मी त्यांना घरी बोलावून हा भाग दाखवला असता.

गेल्या शनिवारच्या भागात त्या म्हाताऱ्याला फितूर ठरवून मारलं. काही कारण नव्हतं, सरदारांना कारण लागत नाही. आणि दुसऱ्या संध्याकाळी सरदारीण म्हणते, गोष्ट पुढे चालू दे. बाई वाद्य घेते. बाजूची चटई रिकामी आहे. ती एक वाक्य म्हणते, तारा झोडते, आणि थांबते. इथे 'योऽऽ' यायला हवा. येत नाही. मालिकावाल्यांनी मागचं संगीत पार बंद केलंय, वाराही नाही. कॅमेरा त्या रिकाम्या चटईवर थांबून राहतो. बाई वाट बघतेय. सरदारीण वाट बघतेय. मी वाट बघतेय.

आणि माझ्या खोलीत कोणीतरी म्हणालं, 'ऊ'.

टीव्हीतून नाही. खालून, जमिनीच्या जवळून, टीव्हीच्या आणि माझ्या मधून. मुलीचा आवाज, झोपेला आलेला, डोळे मिटत असताना सवयीने काढलेला. पडद्यावरची बाई तेवढ्यात पुढचं वाक्य म्हणाली. तिला काय, तिला तिच्या वेळेला म्हणायचंच होतं. पण जुळलं, अम्मा. इतकं नेमकं जुळलं की मी उठून दिवा लावला.

मी घाबरट नाही, तुला माहीत आहे. मी तो भाग मागे नेऊन पुन्हा लावला. आवाज पूर्ण वाढवला. काही नाही. भाचीला फोन केला, म्हटलं, चटईच्या ठिकाणी तुमच्याकडे काही ऐकू येतं का? ती म्हणाली, 'मावशी, तिथे पूर्ण सायलेन्स आहे, तोच तर सीन आहे. तू कानाचं मशीन घे बघू आता.' माझ्या कानांना नावं ठेवतेय कालची पोर. पण तिच्याकडची शांतता आणि माझ्याकडची शांतता एक नव्हती. माझ्याकडची लाइन मेलेली नव्हती.

मग मी सांगोल्याच्या पोरीला बोलावलं. पोर कसली, तिचा मुलगा आता चिंचोळीला एमआयडीसीत सुपरवायझर आहे आणि तिचे गुडघे माझ्यापेक्षा वाईट आहेत. आली, पदराने घाम पुसला, आणि माझ्या बैठकीच्या खोलीत दारातच थांबली.

'आक्का, ह्यो त्योच पाट न्हवं? पडवीतला?'

पाट तोच आहे. टीव्हीसमोर ठेवते, पाय टेकायला बरा पडतो. 'बस की त्याच्यावर, गुडघे वाकत असतील तर,' मी म्हटलं.

'नगं बाई. मी आपली सोप्यावर बशीन.' आणि लांबच्या टोकाला जाऊन बसली.

मी सरळ मुद्द्यावर आले. 'अम्माच्या गोष्टीचा शेवट काय होता? त्या कापड विणणाऱ्या बाईच्या?'

'ती व्हय? मला काय म्हायती!'

'तुला माहीत नाही? मला उठवून तुला सांगितली तिनं सगळी.'

'सांगितली की. पर तेलुगूत सांगितली. मला कुटं येतंय तेलुगू? नीळ्ळु म्हंजी पानी, रा म्हंजी ये. संपलं.'

'मग ऊ कशाला म्हणत होतीस गं, भवाने?'

'आता घ्या! अम्मा थांबली की म्हनायचं, येवढंच काम हुतं. न्हाय म्हटलं असतं तर भाकरी अन शेंगाची चटनी कोन देनार हुतं, तू? तू तर दार लावून विंग्रजी फाडत बसायचीस.' ती मोठ्याने हसली, आणि मग हसता हसता तिची नजर पाटावर गेली आणि ती थांबली. 'पर तुला एक सांगू का आक्का? राग न्हाय ना यायचा? मला तिनं कदी त्या पाटावर बसू दिलं न्हाय. जमिनीवर बसवायची. मी येकदा बसाय गेले तर दंड धरून उटवलं. म्हनली, तितं नको बसू, ती बसलीय.'

'मी आत होते. अभ्यास करत होते.'

'तेच की. मला वाटलं, लेकीची जागा धरून ठिवलीय. लई माया हाय म्हनायची मी मनात. पर मी ऊ म्हटलं तरी ती फुडं जायाची न्हाय, बग. पाटाकडं बगायची. जरा थांबायची. मग मान हालवायची, आन मग फुडं.'

'तुला काही ऐकू यायचं?'

'न्हाय बा.' तिने पदर सारखा केला. 'आन गोष्ट रोज येकाच जागी थांबवायची. ती जागा मला पाठ झाली हुती, चाक थांबायचं ना. मी येकदा इचारलं, अम्मा, फुडं काय? तर पाटाकडं बोट करून मराटीत म्हनली, फुडचं तिला ठावं हाय.' मग म्हणाली, 'चा कर की आता. किती येळ कोरडीच बसवतीस?'

मी चहा केला. तिने तो उभ्यानेच, स्वयंपाकघरात येऊन प्यायला.

तेव्हापासून मी पाटावर पाय टेकलेले नाहीत.

तर आता ऐक. मला आधी वाटायचं, तू माझ्यावर रागावलीस, कॉन्व्हेंटने बिघडवलेली म्हणून हाकललीस. मग वाटलं, त्या शनिवारी मी ऊ म्हटला नाही आणि दुसऱ्या कोणीतरी म्हटला, तो तुला ऐकू आला, आणि तू मला तिथून उठवलंस ते माझ्याच काळजीने. असेलही. तू उलटं बोलून सरळ वागणारी बाई होतीस. पण ती जी पाटावर बसून राहिली, जी तुझ्याबरोबर सिव्हिलच्या कॉटेपर्यंत आली, जी शेवट ऐकून बसलीय, ती कोण आहे? तिचा आवाज मी ओळखला, तेच तर दुखणं आहे. तो माझा आवाज आहे. सिस्टरांनी पुस्तक मिटायच्या आधीचा. मी शाळेत गेले, नोकरीला गेले, म्हातारी झाले, आणि ती तिथेच बसून तुझी गोष्ट ऐकत राहिली, हा न्याय आहे का? दोघींपैकी तुला खरी लेक कुठली वाटत होती? शेवट जिला सांगितलास ती, की फी भरून शाळेत धाडलीस ती?

येत्या शनिवारी मालिकेचा शेवटचा भाग आहे. झलकेत सरदारीण म्हणालीय, आज गोष्ट पुरी झालीच पाहिजे, आणि ती बाई ती पुरी करणार, मालिकावाले काही ठेवून देत नाहीत. माझ्या घरात परक्या बाईची गोष्ट तुझ्या गोष्टीच्या आधी संपलेली मला चालणार नाही. आणि ती संपली की मग तसली शांतता मला पुन्हा कुठे मिळणार, कोण थांबणार एवढा वेळ रिकाम्या चटईसमोर? म्हणून स्पष्ट लिहिते. दाराबाहेरचं ते आत आलं का, आलं तर बाई त्याला काय म्हणाली, आणि कापड कोणासाठी होतं, ही तिन्ही उत्तरं मला शनिवारी संध्याकाळी सातच्या आत लेखी कळव. तोंडी उत्तर चालणार नाही. आवाज मी ऐकून घेईन, पण पुरावा म्हणून धरणार नाही. मराठीत लिही, नाहीतर तेलुगूत लिही, मी कोणाकडून तरी वाचून घेईन.

हे पत्र टाकायला पेटी नाही, हे मलाही कळतं. घडी घालून पाटावर ठेवते, म्हणजे जिला द्यायचं तिच्या हाताशी असेल.

आणि एक. तू बाहेरून ऐकण्यापेक्षा मीच सांगते. काल दिवेलागणीला मी दार लावायला गेले, तर खोलीत ती शांतता होती, जड, बरोबर तेवढ्या लांबीची, कोणीतरी वाक्य संपवून वाट बघतंय अशी. समोर माणूस असताना मी आयुष्यात कोणाला ताटकळत ठेवलेलं नाही. मी 'ऊ' म्हटलं.

टीव्ही बंद होता, अम्मा. आणि तो ऊ मी एकटीने म्हटला नाही.